सू नावाचा मुलगा आणि आईजवळचा फोटो

अमेरिकेतला कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाचा, गायक जॉनी कॅश गातोय असं म्हणायचं, पण खरं तर तो गोष्ट सांगतोय. मागं गिटारीचा एकच एक ठेका धावतोय आणि हा दांडगा माणूस मधूनमधून समोरच्या कागदाकडं बघून पुढची ओळ उचलतोय. गाणं त्याला पाठ नाही, साथीदारांनीही ते धड ऐकलेलं नाही. दिवस २४ फेब्रुवारी १९६९ चा, जागा कॅलिफोर्नियातला सर्वांत जुना तुरुंग सॅन क्वेंटिन, आणि श्रोते म्हणजे तिथले कैदी. ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजननं हा कार्यक्रम चित्रित केला होता, म्हणून आजही ते चेहरे बघायला मिळतात. कडव्यागणिक हशा वाढत जातो. 'अ बॉय नेम्ड सू', म्हणजे सू नावाचा मुलगा, हे ते गाणं.

मराठीत हे नाव लिहिताना पंचाईत होते, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं 'सू' म्हटलं की बालवाडीतली करंगळी वर होते. तिकडं मात्र सू हे सुझन, सुझाना अशा नावांचं लाडकं रूप. आपल्याकडची सुमी, सुली म्हणा ना. अगदी घरगुती आणि शंभर टक्के मुलीचं नाव. तेवढं ध्यानात ठेवलं की गोष्ट कळते.

मुलगा तीन वर्षांचा असताना बाप घर सोडून निघून गेला. मागं काय ठेवलं, तर एक जुनी गिटार आणि दारूची रिकामी बाटली. त्याचा मुलाला फारसा राग नाही. राग आहे तो जाता जाता बापानं ठेवलेल्या नावाचा. मुली खिदळायच्या तेव्हा हा लाजेनं लाल व्हायचा. मुलगे हसायचे तेव्हा हा त्यांची टाळकी फोडायचा. असं करता करता मुठी टणक झाल्या, डोकं तल्लख झालं, आणि गावोगाव भटकताना त्यानं शपथ घेतली की हे नाव देणाऱ्याला शोधून काढीन आणि खलास करीन. ऐन जुलैत, टेनेसी राज्यातल्या गॅटलिनबर्ग गावात, एका गुत्त्यात पत्ते वाटत बसलेला म्हातारा त्याला दिसतो. गालावरच्या व्रणावरून आणि डोळ्यावरून तो ओळखतो, हाच आपला बाप. पुढं जी हाणामारी होते तिला तोड नाही. म्हातारा सुरी काढून पोराच्या कानाचा तुकडा उडवतो, पोरगा त्याच्या दातांवर खुर्ची हाणतो, भिंत फोडून दोघं रस्त्यावर येतात आणि चिखलात, रक्तात, सांडलेल्या बिअरमध्ये लोळत एकमेकांना तुडवतात. शेवटी दोघांचे हात पिस्तुलाकडं जातात. पोराचं आधी निघतं.

तेव्हा म्हातारा हसतो आणि सांगतो की जग वाईट आहे, मी तुझ्या पाठीशी नसणार हे मला ठाऊक होतं, म्हणून ते नाव देऊन गेलो. एकतर तू कणखर झाला असतास, नाहीतर मेला असतास. आता मला मारायचं तर मार, पण आधी माझे आभार मान. पोराचा गळा दाटून येतो. पिस्तूल खाली पडतं, बाप-लेक गळ्यात पडतात. सू म्हणतो, त्या दिवशी मी वेगळी दृष्टी घेऊन परतलो. आणि मग शेवटची ओळ येते. मला कधी मुलगा झाला, तर त्याचं नाव मी बिल ठेवीन, जॉर्ज ठेवीन, वाट्टेल ते ठेवीन, पण सू ठेवणार नाही. त्या नावाची मला अजून चीड आहे.

कॅशच्या भल्यामोठ्या कारकिर्दीत अमेरिकेच्या सर्वसाधारण गाण्यांच्या यादीत, म्हणजे बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडमध्ये, पहिल्या दहांत पोचलेलं हे एकमेव गाणं. तीन आठवडे ते दुसऱ्या क्रमांकावर होतं, वर रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड ठाण मांडून बसला होता. कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं, ग्रॅमीही मिळाल्या. आणि तेव्हापासून आजवर या गाण्याचा अर्थ दोन टोकांनी लावला जातो. एक पंथ म्हणतो, बघा, बाप कडक होता म्हणून पोरगा मर्द झाला. दुसरा पंथ म्हणतो, हे मर्दानगीचं बाष्कळ स्तोत्र आहे, सोडून द्या. तिसरा एक मोठा घोळका असतो, त्याला या भांडणात पडायचंच नसतं. त्याचं एकच म्हणणं, विनोदी गाणं आहे हो, कशाला कीस पाडता?

मला कीस पाडायचा आहे. कारण माझ्या मते हे गाणं दोन्ही पंथांपेक्षा हुशार आहे, आणि त्या घोळक्यापेक्षाही.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. आपण हसतो कशाला? पोराचं नाव बापानं विचित्र, उच्चारायला अवघड किंवा एखाद्या जनावराचं ठेवलं असतं तर गाणं चाललं असतं का? थोडंफार चाललं असतं, पण असं नाही. हसू येतं ते पुरुषाला बाईचं नाव दिल्यामुळं. म्हणजे बाई असणं हीच शिवी. ती एकदा सगळ्यांनी मान्य केली की पुढचा विनोद आपोआप घडतो. आमच्या शाळेत पाचवीत दंगा करणाऱ्या मुलाला मुलींच्या रांगेत नेऊन बसवायचे. ती शिक्षा मीही भोगली आहे. छडीचं काही वाटायचं नाही, पण या शिक्षेनं कानशिलं तापायची. शेजारच्या मुलीनं दप्तर सरकवून मला जागा करून दिली, आणि बाईंची पाठ वळल्यावर खालच्या आवाजात विचारलं, “तुला शिक्षा म्हणून इथं बसवलं, मग मला कशाची?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजूनही ते सुचलंय असं नाही. निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करणारी आंदोलनं वर्तमानपत्रात फोटोसह छापून येतात, त्यांत बांगड्या घातलेल्या कार्यकर्त्याच पुढं असतात, तेव्हा हा प्रश्न मला हमखास आठवतो.

आता बापाच्या युक्तिवादाकडं येऊ. तो दिसतो तितका परका नाही. नाव म्हणजे चिलखत, ही कल्पना आपल्या घराघरांत होती. मुलं जगत नसत तेव्हा नव्या बाळाचं नाव धोंडू, दगडू, केरबा ठेवायचे, म्हणजे मृत्यूला वाटावं, या केराला कशाला हात लावा. त्याहून सूच्या जवळची गोष्ट नथूची. आधीचे मुलगे गेलेले असले की पुढच्या मुलाचं नाक टोचून नथ घालायची, त्याला मुलीसारखं वाढवायचं. त्यातून नथू, नथुराम ही नावं आली. हिशेब असा की यमाला मुलगे हवे असतात, मुलीकडं तो ढुंकून बघत नाही. टेनेसीतल्या त्या बापानं पोराला कणखर करायला मुलीचं नाव दिलं, आपण पोराला लपवायला दिलं. दोन्हीकडं मुलीची किंमत तीच, शून्य. आणि तीच किंमत थेट मुलीच्याच नावावर लिहायची वेळ आली की नाव व्हायचं नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. त्या नावानं त्यांना कणखर केलं असेल, असं म्हणायला मात्र कुणी पुढं आल्याचं मला आठवत नाही.

बापाचा सिद्धांत ऐकायला रुबाबदार वाटतो. कष्ट, अपमान, मार यांतून माणूस घडतो. आपल्याकडं कुठल्याही लग्नाच्या पंगतीत, हात वाळेपर्यंत, हा सिद्धांत निघतो. आमच्या वेळी मास्तर फोकानं बडवायचे, बाप दाराआड उभं करायचा, म्हणून आम्ही रांगेत आलो, हल्लीची पोरं हळवी झाली. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक चमक असते. शिक्षणहक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, त्याचं दुःख याच पंगतीत सर्वांत मोठ्यानं व्यक्त होतं. या युक्तिवादाला उत्तर देणं कठीण असतं, कारण समोरचा माणूस खरोखरच चांगला घडलेला असतो. नोकरी केलेली, घर बांधलेलं, पोरांना शिकवलेलं. पण ज्यांना त्याच मारानं मोडलं ते त्या पंगतीत नसतात. गोष्ट सांगायला उरतो तो जिंकलेला. सू गाणं म्हणतोय, कारण त्याचं पिस्तूल आधी निघालं. क्षणभर उशीर झाला असता तर गाणंही नसतं आणि सिद्धांतही.

आणि म्हणूनच सॅन क्वेंटिन. हे गाणं तिथं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं हा योगायोग असेल. सांगतात ते असं की टेनेसीत कॅशच्या घरी गाणाऱ्या मित्रमंडळींची बैठक झाली, तिथं हे गाणं लिहिणाऱ्या शेल सिल्व्हरस्टाईननं ते म्हटलं, आणि कॅलिफोर्नियाला निघताना जून कार्टरनं, म्हणजे कॅशच्या बायकोनं, त्याचे शब्द आठवणीनं बरोबर घ्यायला लावले. योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. त्या सभागृहात बसलेला जवळजवळ प्रत्येक जण जगानं 'कणखर' केलेला होता. मुठी टणक झालेले, कुणाकुणाची टाळकी फोडलेले. बापाचा सिद्धांत जिथं हमखास खरा ठरायला हवा अशी ती जागा. त्या सिद्धांतानं त्यांना कुठं आणून सोडलं होतं, हे भिंतींकडं बघून कळत होतं. ते पोट धरून हसले. त्या हसण्यात अभिमान किती आणि ओळख पटल्याची कळ किती, हे चित्रफितीवरून सांगता येणार नाही. पण ते सैनिकांचं संचलन बघून येणारं हसू नव्हतं, एवढं नक्की.

याच तुरुंगात साधारण दशकभर आधी कॅश गाऊन गेला होता आणि तेव्हा श्रोत्यांत मर्ल हॅगर्ड नावाचा एक तरुण कैदी होता. त्याच्या वयाच्या नवव्या वर्षी बाप गेला, त्यानंतर पोरगा हाताबाहेर गेला, आणि वयाची एकवीस वर्षं त्यानं सॅन क्वेंटिनमध्ये पुरी केली. सुटल्यावर तो कंट्री संगीतातला फार मोठा गायक झाला. १९६८ मध्ये, सूच्या गाण्याच्या एकच वर्ष आधी, त्यानं याच अनुभवावरचं गाणं केलं. त्याचं नाव 'मामा ट्राइड'. आईनं प्रयत्न केला होता. त्यात बाप नाही म्हणून कणखर झालो, असला दावा नाही. आई एकटी राबली, मला सरळ ठेवायला धडपडली, चूक माझी, एवढंच. ज्याला त्या तुरुंगाची खरी चव माहीत होती त्यानं श्रेय कुणाला दिलं, ते बघा.

हॅगर्ड डोक्यात ठेवून सूकडं परत आलो तेव्हा एक तपशील मला पहिल्यांदाच बोचला. सूची आई कुठं आहे?

गाण्यात तिचा उल्लेख दोनदाच येतो, आणि दोन्ही वेळा ओझरता. सुरुवातीला बाप 'आईला आणि मला' सोडून गेला, तिथं एकदा. आणि गुत्त्यात म्हाताऱ्याला ओळखताना एकदा. पोरगा बापाला ओळखतो तो आईजवळ असलेल्या एका झिजलेल्या फोटोवरून. बस. तीन वर्षांच्या पोराला वाढवलं कुणी, खाऊ कुणी घातलं, शाळेतून नाक फुटून आल्यावर रक्त कुणी पुसलं, यातलं काहीही गाण्यात नाही. ते नाव तर त्या बाईला रोज उच्चारावं लागलं असणार. सू, जेवायला ये. सू, परत मारामारी केलीस? नाव ठेवून निघून जाणं सोपं होतं. त्या नावानं हाक मारत पोराला माणसात ठेवणं हे काम वर्षानुवर्षं चाललं असणार. आणि आभार कुणाचे मानले? पत्ते वाटत बसलेल्याचे! तो फोटो झिजलेला का होता, हेही गाणं सांगत नाही. खिशात ठेवून झिजला की परत परत काढून बघून झिजला, कोण जाणे. पण तो तिनं जपून ठेवला नसता तर ही बाप-लेकाची गळाभेट झालीच नसती.

सिल्व्हरस्टाईनला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. हा माणूस विलक्षण होता. लहान मुलांसाठी कविता आणि चित्रं करणारा, दुसऱ्या हातानं प्लेबॉय मासिकात व्यंगचित्रं काढणारा. सूनंतर दोनेक वर्षांत त्यानं लॉरेटा लिन या कंट्री गायिकेसाठी एक गाणं लिहिलं, 'वन्स ऑन द वे', म्हणजे आणखी एक पोर वाटेवर आहे. तेही विनोदी, तेही कंट्री यादीत पहिलं. कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरातली एक गृहिणी त्यात बोलते. तिकडं मोठ्या शहरांत चमचमत्या बायका चमचमतं आयुष्य जगताहेत, स्त्रीमुक्तीची भाषा चालली आहे, आणि इथं पाऊस पडतोय, नळ गळतोय, एक पोर रांगतंय, एक दुडदुडतंय आणि एक पोटात आहे. मधेच नवऱ्याचा फोन येतो. तो बारमधून बोलतोय, सैन्यातले जुने मित्र घरी आणतोय म्हणतोय. ती खेकसते आणि लगेच सावरून घेते, तुला नाही रे, पोराला म्हणाले.

हे गाणं सूच्या गाण्याला जोडून ऐकावं. पुरुषाच्या विनोदी गाण्यात भिंत फुटते, कान तुटतो, पिस्तुलं निघतात आणि शेवटी मिठी पडते. बाईच्या विनोदी गाण्यात काहीच घडत नाही, नळ गळत राहतो. लॉरेटा लिनला हे लिहून देणाऱ्याची गरज फक्त शब्दांपुरती होती. केंटकीतल्या खाणकामगाराची ही मुलगी, लग्न पंधराव्या वर्षी, विशीपर्यंत पदरात चार मुलं. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला दारातूनच परत पाठवणारं तिचं गाणं १९६७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. १९७५ मध्ये तिनं गर्भनिरोधक गोळीवर गाणं केलं, तेही नवऱ्याला टोमणे मारत, आणि कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. सूच्या गाण्यात रेडिओला काय खटकलं होतं? कान कापणं नाही, बापाला ठार मारायची शपथ नाही, एक शिवी. तेवढ्यावर एक 'बीप' टाकून गाणं देशभर वाजलं. ती शिवी कुणाला होती, तर बापाच्या आईला. बाप स्वतःलाच कुत्रीचा मुलगा म्हणतो. म्हणजे गाण्यात आणखी एका बाईचा उल्लेख आला तोही असा, आणि तोही पुसून.

मग पुढं काय झालं? मर्दानगीचा विनोद कंट्री संगीतातून गेला नाही, फक्त त्याची रणभूमी बदलली. ब्रॅड पेझली हा वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला गायक, उत्तम गिटारवादक आणि खरोखर विनोदी. २००२ मध्ये त्याचं एक गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. बायको म्हणते, मी किंवा मासेमारी, एक निवड. तो गळ उचलतो आणि म्हणतो, तिची आठवण येईल खरी. २००८ मध्ये आणखी एक पहिलं आलं, 'आय ॲम स्टिल अ गाय'. मी अजून पुरुषच आहे, असा अर्थ. देवनागरीत ते 'मी अजून गाय आहे' असं दिसतं, त्याला माझा इलाज नाही. त्यात तो सांगतो की तुला हरीण दिसलं की गोजिरवाणं पाडस दिसतं, मला भिंतीवर लावायची शिंगं दिसतात. तुझ्यासाठी कुत्रं फिरवीन, मॉलमध्ये तुझी पर्सही धरीन, पण हल्लीचे पुरुष नखं काय कोरून घेतात, अंगावरचे केस काय काढतात! हाताला लोशन चोपडून मासे पकडायची पेटी उचलता येते का?

मी मोठ्यानं हसलो होतो. मग लक्षात आलं की चाळीस वर्षांत सुरी आणि पिस्तुलाची जागा लोशनच्या बाटलीनं घेतली आहे. सूला निदान खरा शत्रू होता. पेझलीच्या नायकाचा शत्रू कोण, तर शेजारचा नखं कापून घेणारा पुरुष. मुळातला विनोद मात्र तोच, बाईसारखं दिसण्याची भीती. आणि एक गंमत अशी की हे सगळं तो बायकोला सांगतोय. तिनंच ऐकायचं, तिनंच हसायचं, आणि तू पुरुषच आहेस हो, असं प्रशस्तिपत्रकही तिनंच द्यायचं. पर्स धरल्यावर मर्दानगीला तडा जातो आणि तो पर्सवालीनंच बुजवायचा असतो. या गाण्यांवर बंदी घाला, असलं काही मी म्हणत नाही. उलट पुरुष एरवी जे मित्रालाही सांगणार नाही ते तो हसत हसत गाण्यात सांगून जातो. ही भीती भाषणात येत नाही, निबंधात येत नाही, विनोदात येते. म्हणून तर 'विनोद आहे, सोडा' या सल्ल्याचा मला राग येतो. सोडायचं तर भाषण सोडा.

सूचं गाणं पेझलीच्या गाण्यापेक्षा मोठं आहे ते शेवटच्या ओळीमुळं. बापाचे आभार मानून, मिठी मारून, दृष्टी बदलल्याची कबुली देऊनही तो आपल्या मुलाचं नाव सू ठेवायला तयार नाही. लोक गाणं ऐकतात आणि मिठीपाशी थांबतात. पंगतीतले काकाही तिथंच थांबतात. मार खाल्ला म्हणून घडलो, इथवर सांगतात. मग तुम्ही तुमच्या पोराला तसंच फोकानं बडवलं का, असं विचारलं की एकदम कोशिंबिरीकडं लक्ष जातं. बहुतेकांनी बडवलेलं नसतं. सिद्धांत बापाच्या श्राद्धापुरता असतो, वागणूक वेगळी असते. सू हे निदान उघड म्हणतो. त्या बापाला माफ करणं आणि त्याची पद्धत बरोबर मानणं या दोन गोष्टी त्याला वेगळ्या ठेवता येतात. मला विचाराल तर अख्ख्या गाण्यातली मर्दानगी तेवढीच.

कॅशला स्वतःलाही नावाचा इतिहास होता. १९३२ मध्ये अर्कान्सामध्ये तो जन्मला तेव्हा आईवडिलांचं नावावर एकमत झालं नाही, म्हणून नुसती अक्षरं ठेवली, जे. आर. पुढं हवाई दलात भरती होताना अक्षरं चालत नाहीत म्हटल्यावर तो जॉन झाला, आणि रेकॉर्ड निघायला लागल्यावर जॉनी. सूच्या गाण्यानंतर वर्षभरानं, मार्च १९७० मध्ये, चार मुलींच्या पाठीवर त्याला पहिला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं जॉन कार्टर कॅश. मधलं कार्टर हे आईचं माहेरचं आडनाव. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लिहायचं ठरवलं तेव्हा केवढी चेष्टा झाली होती, ते आठवून बघा.

सिल्व्हरस्टाईनला ही कल्पना सुचली कशी, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की जीन शेफर्ड हा त्याचा मित्र, विनोदी लेखक, जीन या बायकी वाटणाऱ्या नावावरून लहानपणी फार चिडवला गेला होता. दुसरी टेनेसीतलीच. तिथं खरोखरच सू नावाचा एक पुरुष होता, सू के. हिक्स. वकील, आणि पुढं न्यायाधीश. १९२५ मध्ये डेटन गावात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स नावाच्या शिक्षकावर जो गाजलेला खटला भरला गेला, त्यात हा सरकारी बाजूनं उभा होता. गॅटलिनबर्गमधल्या न्यायाधीशांच्या परिषदेत सिल्व्हरस्टाईननं त्याचं नाव ऐकलं, असं म्हणतात. गाणं गाजल्यावर कॅशनं त्याला आपल्या रेकॉर्ड आणि सही केलेले फोटो पाठवले.

या खऱ्या सूला ते नाव कणखर व्हावा म्हणून दिलेलं नव्हतं. त्याच्या आईचं नाव सुझाना. १८९५ मध्ये याला जन्म देताना तिची तब्येत बिघडली आणि ती गेली. घरात बाळ उरलं, त्याला तिचं नाव दिलं. त्या घरात पुढं कुणी कुणी, कितीदा, 'सू' म्हणून हाक मारली असेल.